पाटीसाठी एक क्रियापद

आमच्या दुकानाच्या पाटीवर एकच ओळ आहे आणि तिच्या खाली हातभर जागा कोरी आहे. रंगारी अर्धं काम टाकून पळाला का, असं गिऱ्हाईक विचारतं. पूर्वी मी सांगत बसायचे, आता नाही सांगत. पँटची चेन बदलायला आलेल्या माणसाला उभं करून एवढी लांबण लावायची, म्हणजे त्याचाही खोळंबा आणि माझाही. पण आज वीज गेलीय, इस्त्री थंड पडलीय आणि तुम्ही आपले बसलाच आहात, तर ऐका.

त्या ओळीत लिहिलंय, 'कॉलर, कफ व कोट उलटवून मिळतील.' हल्लीच्या पोरांना हे वाचून काही बोध होत नाही. अहो, शर्टाची कॉलर मानेपाशी विरते, बाकी शर्ट धडधाकट असतो. मग ती कॉलर उसवायची, पालथी करायची आणि आतली कोरी बाजू वर आणून परत शिवायची. कोटाचंही तेच, फक्त मेहनत दसपट. टाका न् टाका उसवायचा, अस्तर वेगळं, बाह्या वेगळ्या, मग एकेक तुकडा पालथा घालून सगळं पुन्हा जोडायचं. रंग उडालेली बाजू आत जाते आणि ज्या बाजूनं कधी ऊन पाहिलं नाही ती बाहेर येते. यात एक गोष्ट मात्र लपत नाही. छातीवरचा डावा खिसा उजवीकडे जातो. जाणता माणूस तेवढ्यावरून ओळखतो की कोट उलटवलेला आहे. आता कुणी उलटवत नाही, कॉलर विरायच्या आत शर्टच फेकून देतात. फेका बापडे, तुमचे शर्ट, तुमची मर्जी.

हे काम आईचं. दुकान बाबांचं, पण मी शाळेत पाटी-पेन्सिल घेऊन जायच्या वयाची होते तेव्हाच ते गेले, आणि आई त्यांच्या मशीनवर बसली ती बसलीच. पुढच्या खोलीत समोरासमोर दोन पायमशीनं, मध्ये कापायचं लांब टेबल, रस्त्याकडे खिडकी, मागच्या खोलीत आमचा संसार. शाळा संपल्यावर दुसऱ्या मशीनवर मी बसायला लागले. दोघींच्या मशीनचा आवाज वेगळा होता. आईचं एका दमात लांब चालायचं, माझं अडखळत. ओल्या लोकरीवर गरम इस्त्री फिरली की जो वास येतो ना, तो माझ्या सगळ्या तरुणपणाचा वास. अजूनही चुकूनमाकून लोकरीचा कोट आला तर मी इस्त्री जरा जास्तच फिरवते. म्हातारपणी एवढी चैन परवडते.

तर झालं काय, आमच्या समोर एक लाँड्री निघाली आणि लाँड्रीवाल्यानं इंग्रजीत ही भली मोठी पाटी लावली. रस्त्याच्या टोकाला नवी ऑफिसं आली होती, तिथले साहेबलोक ती पाटी वाचून थेट तिकडे जायला लागले. आईच्या पोटात दुखायला लागलं.

"तो नुसता धुतो आणि मिरवतो बघ," ती म्हणायची. "आपण कोटाला दुसरा जन्म देतो आणि आपण मुके!"

मग तिनं ठरवलं की आपल्याही पाटीवर इंग्रजी हवं. फार नको, एकच शब्द, पण नेमका. रंगाऱ्याला बोलावून तिनं जुनी पाटी रंगवून घेतली, खाली जागा सोडायला लावली आणि म्हणाली, "शब्द दोन दिवसांत देते." हा हा म्हणता वर्ष गेलं.

शब्द द्यायचा होता मास्तरांनी. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर. उंच, काटकुळे, डाव्या खिशाला कायम पेन. बायको पूर्वीच वारलेली, मुलगा परगावी नोकरीला, स्वतः आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत एकटे. पोरं त्यांना शब्दकोश म्हणायची. मीही त्यांची विद्यार्थिनी. इंग्रजीत त्यांनी मला काठावर पास केलं होतं, आणि तो काठ किती निसरडा होता ते आम्हा दोघांनाच माहीत. माझ्या तिखट तोंडावरून ते मला मिरची म्हणायचे, ते मात्र मला आवडायचं. कॉलरी उलटवायला ते नेहमी आमच्याकडेच येत.

आईनं सहज विचारलं, "मास्तर, आम्ही हे जे करतो, त्याला तुमच्या इंग्रजीत काय म्हणतात?"

दुसरा कुणी असता तर 'रिपेअर' म्हणून मोकळा झाला असता. मास्तर टेबलाशी उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, विचार करून सांगतो."

झालं! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर हजर. म्हणाले, रिपेअर नाही चालणार, ते मोडलेल्या वस्तूचं करतात. सायकल, रस्ता, छप्पर. तुमच्याकडे येणारा कोट मोडलेला नसतो, तो फक्त थकलेला असतो. आई पायडल मारायची थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या कामाबद्दल असं कुणी बोललंच नव्हतं. कोट थकतो, हे तिला माहीत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती.

मग हा पायंडाच पडला. एकदा 'मेंड' घेऊन आले. ते फाटलेल्याचं, म्हणाले. मोजा, जाळं, बिघडलेली वागणूक. मी म्हटलं, "मग हा शब्द मला लावा." मास्तर हसले, आईनं डोळे वटारले. एकदा 'रिस्टोर' आला. त्यांना वाटलं, जमलं. जुनं चित्र रिस्टोर करतात, गेलेलं राज्य राजाला रिस्टोर करतात, पूर्वी होतं तसं पुन्हा होणं. आईनं कात्री खाली ठेवली.

"पूर्वीसारखं कुठे होतं, मास्तर? खिसा उजवीकडे जातो."

"जातो की हो!" मास्तर म्हणाले आणि कपाळावर हात मारला. "पूर्वीसारखं होत नाही. चांगलं होतं, पण पूर्वीसारखं नाही." आणि एवढे खूश झाले, जसं काही त्यांचा शब्द रद्द होण्यातच त्यांचा फायदा होता.

होताच ना! मी काही आंधळी नव्हते. शब्द मिळाला असता तर रोज यायला निमित्त कुठलं उरलं असतं? 'रिनोव्हेट'चं त्यांनी आठवडाभर चालवलं. हा वास्तूचा शब्द, बाई. घर, नाट्यगृह, स्वयंपाकघर. भिंती त्याच ठेवून आत सगळं नवं. पण कोटाला कुणी रिनोव्हेट करत नाही, इंग्रज हसेल. आई म्हणाली, "हसू दे की, इथे कुठे बसलाय इंग्रज?" तरी मास्तर ऐकेनात. शब्द वापरायचा तर जिथला तिथे, म्हणाले. चहा व्हायचा. आई दिवसभर कपाळाला आठ्या घालून काम करायची, पण शाळेची घंटा झाली की तिचा हात आपोआप केसांवरून फिरायचा. ती मला काही सांगत नव्हती आणि मी तिला काही विचारत नव्हते. किती साधे दिवस होते ते! खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर यायचं, खडूची धूळ त्यात तरंगायची, आणि दोन पोक्त माणसं एका क्रियापदावरून भांडत बसायची. मला विचाराल तर माझ्या आयुष्यात त्याहून सुखाचा काळ आला नाही, माझं लग्न धरून.

मग मास्तर निवृत्त व्हायची वेळ आली. शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता. त्यांच्याकडे एकच कोट, स्वतःच्या लग्नातला, राखाडी. तो त्यांनी आईकडे आणून दिला. आईनं त्या कोटाला मला हात लावू दिला नाही. टाका टाका स्वतः उसवला, स्वतः जोडला. आतून काय रंग निघाला म्हणून सांगू, पावसाळी ढगासारखा गच्च राखाडी! मास्तर अंगात घालून आरशासमोर उभे राहिले तर दहा वर्षांनी लहान दिसले. कार्यक्रमात मात्र फजिती झाली. भाषण आटोपून सही करायला त्यांनी सवयीनं डावीकडे छातीवर हात नेला, तिथे खिसाच नव्हता. हात छाती चाचपतोय, पोरं खुसुखुसु हसतायत. आई मागच्या रांगेतून न राहवून मोठ्यानं म्हणाली, "उजवीकडे, उजवीकडे!" अख्खी शाळा वळून बघायला लागली. आई लाल झाली.

त्याच संध्याकाळी मास्तर कोट घालूनच दुकानात आले. बसले नाहीत. म्हणाले, मुलगा रविवारी न्यायला येतोय, आता त्याच्याकडेच राहायचं असं म्हणतोय. खोली सोडायची. मग म्हणाले, "शब्द मिळाला, बाई. रिन्यू."

"त्याचं काय करतात?" आईनं विचारलं. तिचा आवाज मला परका वाटला.

"परवाना रिन्यू करतात. वाचनालयाचं पुस्तक. वर्गणी. जुनी ओळख, मैत्री. दिलेलं वचनसुद्धा." ते तिच्याकडे न बघता बोलत होते, फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं. "ज्याची मुदत संपत आलेली असते, ते पुढे चालू ठेवायचं, म्हणजे रिन्यू."

"यात कापड कुठे आलं?"

"नाही आलं," मास्तर म्हणाले. "कापडाचं मी सोडूनच दिलंय केव्हाचं."

आई हातातली टाचणी उशीत टोचत होती, काढत होती, परत टोचत होती.

"आणि मुदत संपून गेली असली तर?"

"माझी संपलेली नाही," मास्तर म्हणाले. "तुमचं तुम्ही सांगा, बाई."

देवा! एवढं सरळ कुणी विचारलेलं मी आजवर ऐकलं नाही. आणि माझ्या मातोश्रींनी काय उत्तर द्यावं? माझ्याकडे हात केला आणि म्हणाल्या, "हिचं लग्न व्हायचंय अजून."

मास्तरांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले आणि पायरी उतरून गेले.

ते दिसेनासे होईपर्यंत मी कसाबसा दम धरला आणि मग फुटलेच. "माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस! मी कधी म्हटलं लग्न करायचंय म्हणून? आणि करायचंच झालं तर तू एकटी राहिलीस म्हणून मला कोण राजपुत्र मिळणार आहे?"

"हळू बोल. लोक ऐकतील."

"ऐकू देत! लोक तुझं मशीन चालवतात का? लोक तुझ्याशी संध्याकाळी चहाला बसतात का?"

आई खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं, पण राग नव्हता. म्हणाली, "तुझ्या बाबांचं मशीन आहे हे. त्यावर बसून मी दुसऱ्याच्या... मी त्यांना विसरले असं होईल गं."

"कोट उलटवला म्हणून कापड बदलतं का?" मी म्हटलं. मला वाटलं, काय बिनतोड बोलले!

"कोटाचं मला शिकवू नकोस," आई म्हणाली. "कोटाला लाज नसते." आणि आत जाऊन तिनं पातेलं एवढं आपटलं की त्याला पोचा पडला.

शनिवारपर्यंत आमचं बोलणं हो-नाही एवढ्यावर आलं. मास्तर फिरकले नाहीत. शाळा सुटायच्या वेळी आईचा हात केसांकडे जायचा, मध्येच थांबायचा आणि खडू उचलायचा. ते बघवत नव्हतं मला. ती जेवायची, पण उरकून टाकल्यासारखं. जिनं इतकी वर्षं हूं की चूं न करता काढली, तिला आठवडाही धड निघेना. मला रडू यायचं आणि तिचा रागही यायचा.

रविवार उजाडला. दुकान खरं तर बंद असायचं, पण आई सकाळपासून मशीनवर बसली. काम काय, तर उशांच्या खोळी! कुणी मागितल्या नव्हत्या, कुणाला नको होत्या. मी खिडकीत. स्टेशनरीच्या दुकानाखाली टॅक्सी लागली. मुलगा उतरला, चांगला शांत माणूस होता तो, वडिलांसारखाच उंच. ड्रायव्हरनं आणि त्यानं मिळून पुस्तकांची ट्रंक खाली आणली, टपावर चढवली. मी प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगत होते.

"ट्रंक चढली. गादीची वळकटी आली. मास्तर खाली आले. राखाडी कोट घातलाय. घरमालकाला किल्ली देतायत."

मशीन चालूच. खोळीची शिवण कधीच संपली होती, कापड सुईखालून पुढे गेलं होतं आणि आई कापडाशिवाय नुसतीच सुई नाचवत पायडल मारत होती.

"आई, दार उघडलं टॅक्सीचं."

मशीन थांबलं. आई उठली ती तशीच निघाली. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, केसांत दोऱ्याचं तूस. भर दिवसा, भर रस्त्यात माझी आई पळत होती. मी जन्मात तिला पळताना पाहिलं नव्हतं. लाँड्रीवाला हातात इस्त्री घेऊन दारात आला. मीही मागे धावले.

ती टॅक्सीपाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. मास्तर एक पाय आत टाकून उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ड्रायव्हरला म्हणाली, "ह्यांची ट्रंक खाली घे."

ड्रायव्हर मुलाकडे बघायला लागला, मुलगा मास्तरांकडे. "बाबा, या कोण?"

मास्तरांना तोंड उघडता येईना. जगातल्या प्रत्येक क्रियापदाचं काय करायचं ते ज्यांना माहीत, ते गृहस्थ नुसते उभे. मग आईच वळली. मुलाला म्हणाली, "मी शिंपीण आहे, त्या पलीकडच्या दुकानातली. मला हे इथे हवे आहेत. तुम्ही त्यांचे चिरंजीव, तुमचा हक्क पहिला, मला कळतं. पण मला हे हवे आहेत आणि त्या दिवशी बोलायला हवं होतं ते मी बोलले नाही, म्हणून आत्ता रस्त्यात बोलतेय. त्यांना तुमच्याकडे यायचं असेल तर मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. विचारा त्यांना."

लाँड्रीवाल्याच्या इस्त्रीतून निखारा पडला तरी त्याला भान नव्हतं.

मुलानं विचारलं, "बाबा, तुम्हाला काय हवंय?"

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "मला राहायचंय," म्हणाले. बस, एवढंच.

मुलाच्या मनात काय काय आलं असेल ते आलं असेल. मग त्यानं आपल्या अंगातला कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल, धर त्या बाजूनं." दोघांनी ट्रंक उतरवली आणि परत जिना चढायला लागले. मास्तर खालून ओरडत होते, "सावकाश, कोपरा लागेल!" भिंतीला की ट्रंकेला, ते त्यांनाच ठाऊक. घरमालक किल्ली घेऊन मागून पळाला.

पुढे त्यांनी रीतसर सह्या करून लग्न केलं आणि मास्तर आमच्या मागच्या खोलीत राहायला आले, सगळ्या पुस्तकांसकट. आम्हाला पाय ठेवायला जागा उरली नाही. पाटीची आठवण त्यानंतर कुणालाच राहिली नाही. किती बोलायचे ती दोघं, किती! आता दोघंही नाहीत. संध्याकाळ झाली की मला अजून वाटतं, आत कुणीतरी कुणाला तरी चूक काढून दाखवतंय.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. ट्रंक वर जात होती तेव्हा आई कुणाशी एक शब्द न बोलता दुकानात परत आली. मी मागोमाग आले. मला वाटलं, आता ही विजयी मुद्रेनं बसेल. ती मशीनवर बसली, दोरा घेतला आणि सुईत ओवायला लागली. जमेना. जिनं अंधारातही सुई ओवली असती, तिच्या हाताला असा कंप सुटला होता की दोरा दहा दिशांना जात होता. तिनं सुई माझ्यापुढे धरली. गालावरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

"ते नाही म्हणाले असते तर गं?" ती म्हणाली. "मी कुठे गेले असते?"

मी तिच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली.